शिवेवरून परत आलेली तलंग

जनावराचा माणसाला काय उपयोग, असा विषय निघाला की लोक बैल सांगतात, गाय सांगतात, राखणीचं कुत्रं सांगतात. मी गप्प बसतो. माझ्या बायकोला एका कोंबडीनं माणसात आणलं होतं. पुढे त्या कोंबडीचं मी काय केलं, हे सांगायला तोंड लागतं. ते इतकी वर्षं मला नव्हतं. आता वय झालं, सांगून टाकतो.

पन्नासच्या नंतरची ती वर्षं. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मी व्हर्नाक्युलर फायनल पास, जंगलखात्यात नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी. खाकी कोट, टोपी, कमरेला झाडांवर छाप मारायचा हातोडा. आलापल्लीहून बैलगाडीनं एक दिवसाच्या वाटेवर वीस-बावीस घरांचं एक गाव होतं. त्याच्या टोकाला माझं कवेलूचं, म्हणजे कौलांचं घर. गाव सगळं जंगलातल्याच लोकांचं, त्यांची बोली वेगळी, देव वेगळे. आम्ही नवरा-बायको वरोऱ्याकडचे, कापसाच्या काळ्या मातीतले. तिला त्या सागवानात दिवसाढवळ्या अंधार वाटायचा. "अवो, इथी आभाळ दिसत नाई," असं ती पहिल्या वर्षी रोज म्हणायची, आणि मी रोज तिच्यावर खेकसायचो. मी तापट माणूस. लपवायचं काय त्यात!

आम्हाला एक मुलगा होता, अडीच वर्षांचा. भाद्रपदात त्याला ताप आला. हिवताप त्या भागात सगळ्यांनाच यायचा, मला स्वतःला वर्षातून दोनदा यायचा, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही आणि दोन दिवसांसाठी कुपात गेलो. कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. परत आलो तेव्हा गावकऱ्यांनी पोराला मातीसुद्धा दिली होती. वाट तरी किती पाहणार, भाद्रपदातले दिवस ते.

तेव्हापासून बायको बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली. भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन. केस विंचरणं गेलं, चूल गेली, बोलणं गेलं. भात मी रांधायचो, समोर ठेवला तर दोन घास खायची, नाही ठेवला तर नाही. अधूनमधून तिचा श्वास कोंडायचा. छातीवर हात दाबून ती तोंड उघडायची आणि हवा आत जायचीच नाही. डोळे पांढरे व्हायचे. आलापल्लीच्या दवाखान्यातून दोनदा लाल औषधाची बाटली आणली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, दूध द्या. दूध दिलं. आता अशा दुखण्याला नावं आहेत, औषधं आहेत. तेव्हा एकच नाव होतं, आणि ते मी एकदा रागाच्या भरात तिच्या तोंडावर उच्चारलं. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

असे सात महिने गेले. शेवटी गावचा पुजारी घरी आला. वयस्कर, शांत माणूस, माझ्यासारख्या सरकारी टोपीला कधी न घाबरलेला. मोडकीतोडकी मराठी बोलायचा. म्हणाला, "नाकेदार, आमच्या गावची एक रीत हाय. बाईसाठी करून पाहू का?"

त्या रीतीचं मी नंतर खूप ठिकाणी विचारलं, पण दुसरीकडे कुठे ती सापडली नाही. त्या गावचीच असावी. दुखणं मनाचं असेल तर त्या माणसाच्या मांडीवर एक काळी तलंग द्यायची. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. दिवस उगवल्यापासून बुडेपर्यंत त्या माणसानं तिला मांडीवर घेऊन बसायचं, आपल्या हातानं कणी खाऊ घालायची, आणि मनात जे असेल ते तिला सांगायचं. दुसऱ्या कोणी जवळ थांबायचं नाही. दिवस बुडाला की पुजाऱ्यानं तलंग घेऊन जायची आणि शिवेवर सोडून द्यायची. मागे वळून पाहायचं नाही. दुखणं तिच्याबरोबर गेलं. पुढे तिचं काय व्हायचं ते रानातलं जनावर बघेल.

मी हसलो. फायनल पास माणूस ना मी! पण नाही म्हणालो नाही. सात महिने एकट्यानं भात रांधून मी कशालाही तयार झालो होतो.

चैत्रातला दिवस होता. पुजाऱ्यानं तिच्या मांडीवर तलंग ठेवली आणि तो बाहेर पडला. मी घराच्या मागे लाकडं फोडायच्या निमित्तानं थांबलो. रीत मोडली म्हणा. दुपारपर्यंत आतून काही आवाज नाही. मग बारीक आवाज आला. सात महिन्यांनी तिचा आवाज! कुऱ्हाड खाली ठेवून मी भिंतीला कान लावला.

"त्यानं पेज मांगतली," ती सांगत होती. "मी म्हनलं, थांब जरासा, निवू दे. पोळंन. लय भूक लागली म्हने. मी म्हनलं, थांब न बाप्पा. मंग तो झोपला. मले वाटलं झोपला. मी पेज झाकून ठेवली. संध्याकाळलोक झाकून ठेवली मी, माय."

पुढचं मला ऐकवलं नाही. मी नाल्याकडे निघून गेलो आणि तिथे बसून रडलो, अगदी बाईसारखा ओक्साबोक्शी. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी फक्त ऊठ, खा, बोल, एवढंच म्हणत होतो.

दिवस बुडताना पुजारी आला. तिनं तलंग घट्ट धरली होती. पुजारी घाई न करता बसून राहिला, शेवटी तिच्या हातांतली पकड आपोआप ढिली झाली तेव्हा त्यानं तलंग उचलली आणि गेला.

सकाळी उठलो तर तिची गोधडी रिकामी. धावत अंगणात आलो तर ती गाडीवाटेनं येत होती. केस मोकळे, पाय धुळीनं भरलेले, आणि पदरात ती काळी तलंग! रात्रभर कुठल्या तरी झाडावर बसून वाचली होती. गावातल्या बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्या जागच्या जागी थबकल्या आणि बाजूला सरल्या. शिवेवर सोडलेलं दुखणं कोणी पदरात घालून परत आणतं का?

"काऊन आणली तिले?" मी ओरडलो.

सात महिन्यांनी ती माझ्याशी बोलली. "तिनं माहं सगळं ऐकून घेतलं न. आता तिले एकटीले कशी सोडू?"

मी पुजाऱ्याकडे पळालो. तो येऊन दाराशी उभा राहिला, बराच वेळ दोघींकडे पाहत. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "असं माझ्या जन्मात झालं नाई. पण आता तलंग तिची हाय. दुखणं असन तिच्यात, तर असू दे. बाई उचलते ना? उचलू दे. तू मात्र हात लावू नको."

गाव पंधरा-वीस दिवस बिचकून होतं. नंतर त्यांनी ते सोडून दिलं. पुजारी म्हणाला तेवढं त्यांना पुरे होतं.

आणि माझं घर पुन्हा घर झालं. एकदम नाही. आधी एवढंच, की पहाटे डालग्याखाली, कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, तलंग कुरकुरायला लागली की डालगं उचलायला बायकोला उठावं लागायचं. मी उचलायला गेलो तर, "राहू द्या, ते तुम्हाले भेते." मग उठलीच आहे तर अंगण झाडायची. कणी हवी म्हणून तांदूळ पाखडायची. तांदूळ पाखडलेच आहेत तर भात. अशी एकेक करत ती चुलीपर्यंत आली. श्वास कोंडायला लागला की ती कोंबडी छातीशी धरायची. त्या पाखराचं अंग केवढं ऊन असतं! तिचा लहानसा जीव आत धडधडत असायचा, बायकोचे डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं श्वास सुरळीत व्हायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी किती वेळा पाहिलंय. दवाखान्याच्या लाल बाटलीनं जे झालं नाही ते.

आम्ही सगळे तिला काहीतरी सांगायला जायचो. धीर धर, दुसरं होईल, देवाची मर्जी. कोंबडी काहीच सांगत नव्हती. एवढाच काय तो फरक.

तलंगेची कोंबडी झाली आणि तिनं पहिलं अंडं माझ्या सरकारी टोपीत घातलं. मी घाईघाईत टोपी डोक्यावर चढवली आणि पिवळं पाणी कपाळावरून नाकावर आलं. मी शिव्या घालायला तोंड उघडलं आणि बायको हसली. पदर तोंडात कोंबून, खांबाला टेकून हसली. "आता जा बरं आलापल्लीले सायबापुढं!" त्या हसण्यासाठी मी रोज एक टोपी खराब करून घेतली असती.

दीड वर्ष असं सुखाचं गेलं. कार्तिकात तिला पाचवा महिना लागला.

इथून पुढचं माझं आहे. पुजाऱ्याचं नाही, गावाचं नाही, रीतीचं तर मुळीच नाही.

एका दुपारी ती दारात बसली होती, पाय पसरून. कोंबडी तिच्या मांडीवर, पोटाला अंग टेकून डोळे मिटून बसलेली. बायको तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, या कोंबडीत ते आहे. माझ्या पोराचं मरण हिच्या पोटात आहे. तीन बोटांच्या अंतरावर माझं दुसरं मूल आहे. ज्या रीतीला मी हसलो होतो ती माझ्या डोक्यात अशी बसली की काही केल्या निघेना. जंगलात जन्म गेलेला पुजारी म्हणाला होता, उचलू दे. आणि मी शिकलेला माणूस त्याच्यापेक्षा जास्त घाबरलो. त्यांच्यातलं मी नेमकं भय तेवढं उचललं, त्यांची समज काही उचलली नाही.

खरं सांगू? त्यात मत्सरही होता. त्या कोंबडीला माझ्या पोराची शेवटची दुपार ठाऊक होती. मला मात्र भिंतीला कान लावावा लागला होता.

पुजाऱ्याला विचारायला गेलो नाही. तो नाही म्हणाला असता, हे मला माहीत होतं.

आठ दिवसांनी बायको दुपारी धुणं घेऊन नाल्यावर गेली. कोंबडी डालग्याखाली होती. डालग्यावर नेहमी एक धोंडा असायचा, रानमांजराच्या भीतीनं. मी धोंडा काढला, डालगं उचललं, कोंबडी काढली. दीड वर्षात माझी सवय झाली होती तिला, पंखसुद्धा फडफडवला नाही. मग डालगं जागेवर ठेवलं, धोंडाही वर ठेवला. नीटनेटका माणूस मी. शिवेपर्यंत अर्ध्या कोसाची वाट. मागच्या वेळी परत आली होती म्हणून या वेळी मी सुतळी नेली होती. एक पाय झुडपाला बांधला. पाठ फिरवली आणि चालू लागलो. मागे वळून पाहायचं नसतं ना! ती ओरडत होती, मी चालत होतो. दोनदा थांबलोही. पण परत फिरलो नाही.

बायको आली, धुणं वाळत घातलं, कणी घेऊन डालग्यापाशी गेली. धोंडा बाजूला ठेवला, डालगं उचललं आणि तशीच वाकून राहिली.

"रानमांजरानं नेली," मी ओसरीवरून म्हणालो. "मी मागं होतो. फडफड ऐकू आली, धावलो, तोवर गेलं घेऊन."

तिनं डालग्याकडे पाहिलं. बाजूला काढून ठेवलेल्या धोंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मुठीतली कणी मडक्यात परत टाकली आणि भात टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी शिवेवर जाऊन आलो. झुडपाला नुसती सुतळी होती.

मला वाटलं होतं ती पुन्हा भिंतीशी बसेल. नाही बसली. सगळं करत राहिली. रांधणं, झाडणं, धुणं. विचारलं तर हो, नाई. तिचा श्वास कोंडायचा तेव्हा ती उठून घराच्या मागे जायची आणि जरा वेळानं चेहरा पुसत यायची. मी मनाला समजावलं, बरं झालं, निभावलं. असा मी मूर्ख.

फाल्गुनात मुलगी झाली. पुजाऱ्याच्या बायकोनंच सोडवलं. पोरगी चांगली सणसणीत, आणि बायकोनं तिला असं घेतलं, असं चाटलं-पुसलं, की मला वाटलं, सुटलो एकदाचे. दिवसभर मांडीवरून खाली ठेवली नाही. आणि दिवस बुडताना दोन्ही हातांनी पोर माझ्यापुढे धरली.

"घ्या. न्या."

"कुठी नेऊ?"

"न्या," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

थकली असेल म्हणून मी घेतलं. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी पोर नेऊन दिली की हसून घ्यायची, पाजायची, तिच्याशी बोलायची. दिवस बुडाला की हात पुढे. परत द्यायला गेलो की घ्यायची नाही, पोर रडून काळीनिळी झाली तरी नाही. पुजाऱ्याच्या सुनेला तान्हं मूल होतं. मी रोज तिन्हीसांजेला पोर फडक्यात गुंडाळून गावातून जायचो, त्या सुनेच्या कुशीत द्यायचो आणि उजाडता घेऊन यायचो. बायका दारातून पाहायच्या.

महिना झाला तेव्हा मी पुजाऱ्यापुढे बसलो. म्हटलं, "दादा, येड परत आलं. पुन्हा तलंग देता का?"

त्यानं विचारलं, "नाकेदार, कोंबडीले खरंच मांजर नेलं का?"

मी सगळं सांगितलं. सुतळीसकट. तो उठून उभा राहिला, आणि त्या शांत माणसाचा आवाज पहिल्यांदा चढला. "मले कायले सांगतेस? तिले सांग!"

घरी आलो. ती पोरीला तेल लावत होती. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. मी नेली. मी बांधली. मला भीती वाटली. वाटलं होतं, ओरडेल, माझ्या अंगावर काही फेकेल. फेकलं असतं तर मी तिचे पाय धरले असते.

"मले माईत हाय," ती म्हणाली. पोरीच्या पायांना तेल लावणं थांबलं नाही. "रानमांजर डालग्यावर धोंडा ठेवते का कधी? त्याच दिवशी समजलं मले."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही सांगसान म्हनून वाट पाहून राह्यली होती."

मी खाली बसलो. विचारलं, "अन् हे पोरीचं? रोज काऊन देतेस मले?"

तिनं मान वर केली. वेड्या माणसाचे डोळे मी सात महिने पाहिले होते, ते हे नव्हते. स्वच्छ डोळे होते.

"पोराच्या वख्ती तुम्ही कुपात होते," ती म्हणाली. "कोंबडीच्या वख्ती घरी होते. हिलेही एक दिवस नेसान. कधी नेसान, मले माईत नाई. मंग मीच देतो रोज. आपल्या हातानं देल्लं तं कमी दुखते."

मी देवाची शपथ घेतली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ती नुसती पाहत होती. दिवस बुडाला आणि तिनं हात पुढे केले.

चैत्र संपताना मी तिला माहेरी पोचवलं, वरोऱ्याजवळच्या तिच्या गावी, आणि स्वतः अर्ज करून सिरोंच्याकडे बदली घेतली, जितकं लांब जाता येईल तितकं. ज्येष्ठात तिच्या भावाचं कार्ड आलं. घरचं क्षेमकुशल, पेरणीचं, आणि शेवटी एक ओळ. बाळ आता रात्री आईच्याच कुशीत झोपते, पहिल्या दिवसापासून, काळजी नसावी. ते कार्ड मी लाकडाच्या थप्पीवर बसून वाचलं. आधी इतका आनंद झाला की मजुरांना गूळ वाटला. गूळ वाटून झाल्यावर मला कळलं, घरातून कमी व्हायचं होतं ते मीच.

त्यानंतर आमचा संसार असाच झाला. ती तिकडे, मी इकडे. पगार पाठवायचो. दिवाळी-पोळ्याला दोन दिवस जायचो. तिनं कधी येऊ नका म्हटलं नाही, कधी ताट वाढायला मागेपुढे पाहिलं नाही, चार लोकांत माझा मान राखला. पोरगी मोठी झाली, धीट झाली, आईच्या अंगाखांद्यावर वाढली. बायकोनं पुन्हा कोंबड्या पाळल्या होत्या, आठ-दहा, काळ्या-तांबड्या, दिवसभर अंगणात तिच्या पायांत घोटाळायच्या आणि ती त्यांच्याशी बोलत काम करायची. मी फाटकातून आत आलो की ती हातातलं टाकून उठायची. आधी सगळ्या कोंबड्या डालग्याखाली झाकायची, आणि मग मला पाणी द्यायची.